लोणासुराचं झाकण

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची गोष्ट जमिनीखाली सुरू होते. भुयारात लोणासुर राहायचा, वर भलंमोठं झाकण. मुलूख नागवायचा आणि आत दडून बसायचा. शेवटी विष्णू देखणा तरुण होऊन आला. दैत्याच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाचा ठावठिकाणा सांगून बसल्या. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं. ते दूर पडलं, त्याची टेकडी झाली. दैत्य आपल्याच घरात गाडला गेला. तिथल्या सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, क्षार म्हणजे त्याचं मांस.

गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात हाच विष्णू दैत्याला पायाखाली घेऊन उभा आहे. सरोवराभोवतीच्या विवरात मात्र वाघ महादेव, मोर महादेव अशी देवळं झाडीत ढासळत चालली आहेत.

'पूर्वजांना उल्कापात ठाऊक होता, त्याचीच ही कथा,' असं हल्ली ठासून सांगतात. मला ते पटत नाही. हे विवर उल्केच्या आघातानं झालं याचा भक्कम पुरावा 1973 साली, इथल्या बसाल्टच्या अभ्यासातून पुढे आला. कथेत आकाशातून काहीच पडत नाही. ती मिठाची कथा आहे. गावाचं नावच लवणावरून आलेलं. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी इथल्या क्षारांची नावं होती. साबण, काच आणि पापडखार यांसाठी ते उपसले जात. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलनं लोणारला विष्णुगया म्हटलंय आणि त्याच ओघात काच-साबणाचा माल आणि सोऱ्याचा महसूलही नोंदवलाय. ज्याच्या मांसावर गावाची चूल पेटायची, तो दैत्य विसरला कसा जाईल?

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा 'रक्त' डोळ्यांसमोर आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधलं.

जर्मनीतलं नॉर्डलिंगेन हे गावही अशाच, पण सुमारे 24 किलोमीटर रुंद विवरात वसलंय. तिथलं पंधराव्या शतकातलं चर्च आघातात घडलेल्या सुएवाइट दगडाचं आहे, आणि ते संत जॉर्जचं आहे. हा संतही राक्षसी सर्पाला मारणारा! दोन्ही गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तो जोडूही नये. तरी दैत्यसूदनासमोर उभं राहिलं की मला तो संत आठवतो.

अबुल फजलनं लोणारच्या टेकडीवरच्या झऱ्याच्या मुखाशी कोरलेला बैलही नोंदवलाय. बहुधा तोच झरा, लोणारकरांची 'धार', विवराच्या कडेवर आजही वाहतो, गोड पाण्याचा. तिथे आंघोळ करून माणसं खाली खाऱ्या पाण्याकाठच्या कमळजा देवीला जात आली आहेत.