झुकणारा पंख आणि उघडणारा पंख

शर्यतीच्या गाडीचा पंख विमानाच्या पंखाच्या उलटा बसवलेला असतो. विमानाला जी हवा वर उचलते, तीच इथे गाडीला खाली दाबते. टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळण जास्त वेगात घेता येते. पण हाच पंख हवेला अडवतोही. दाब काय किंवा विरोध काय, दोन्ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. ताशी १५० किलोमीटरला जेवढे असतील त्याच्या चौपट ३०० ला. त्यामुळे सर्वांत जास्त दाब मिळतो तो सरळ रस्त्यावर, म्हणजे जिथे त्याची गरज नाही. संथ वळणावर, जिथे खरी गरज, तिथे तो अपुरा पडतो. पंख वेगानुसार बदलला तरच हा पेच सुटतो.

हे कृतीत आणले टेक्सासच्या जिम हॉल यांनी. १९६६ च्या त्यांच्या चॅपरल २ई गाडीवर मागच्या बाजूला उंच दांड्यांवर एक पंख होता. दांड्या थेट चाकांच्या आधारांवर बसवल्या होत्या, त्यामुळे दाब स्प्रिंगांवर न पडता सरळ चाकांवर उतरे. गाडीला क्लचचे पेडल नव्हते. मोकळ्या राहिलेल्या डाव्या पायाने चालक दुसरे पेडल दाबी आणि पंख आडवा होई. पाय उचलला की पंख पुन्हा तिरका. इतकी सरळ, सुरक्षित रचना मला या खेळात दुसरी क्वचितच दिसते.

फॉर्म्युला वनने पंख उचलला, पण जिम हॉल यांची काळजी उचलली नाही. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुईक उद्यानातल्या रस्त्यांवर ग्रॅहम हिल यांच्या लोटसचा मागचा उंच पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. थोड्या वेळाने त्याच ठिकाणी, तशाच कारणाने योखेन रिंट यांची गाडी येऊन धडकली. रिंट जखमी झाले, आणि बरे होताना त्यांनी पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. पुढची शर्यत मोनॅकोची. तिथे सराव सुरू झालेला असतानाच पंखांवर बंदी आली. पुढे ते परत आले ते बुटके आणि पक्के बसवलेले. हवेवर परिणाम करणारा भाग गाडीच्या सांगाड्याच्या संदर्भात अचल असला पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून नियमात रुजले.

पण पूर्ण ताठ असा पदार्थ जगात नाही. भार आला की पोलादसुद्धा थोडे वाकते. मग किती वाकलेले चालेल? तपासनीस गाडी उभी करून पंखावर ठरावीक वजन टाकतात आणि तो किती मिलिमीटर खाली जातो ते मोजतात. इथेच अभियंत्यांना वाट सापडली. बांबू उभा सहज चिरतो, आडवा तोडायला कोयता लागतो. कार्बन फायबरमध्येही सारे बळ तंतूंच्या दिशेत असते. थर कोणत्या कोनात रचायचे हे ठरवून असा पंख करता येतो, जो चाचणीच्या बिंदूवर ताठ राहतो आणि ताशी ३०० च्या हवेत मात्र मागे झुकतो.

सरळ रस्त्यावरचा वेग हा त्याचा दिसणारा फायदा. खरा फायदा तोलाचा आहे. संथ वळणात गाडीचे नाक बाहेर सरकते, म्हणून पुढे जास्त दाब हवा. तेवढाच दाब वेगवान वळणात राहिला तर शेपूट सुटते. पुढचा पंख वेगाबरोबर आपोआप झुकून दाब सोडू लागला, की एकच गाडी दोन्ही वळणांत चालकाचे ऐकते. यासाठी ना पेडल लागते, ना मोटर. निव्वळ कारागिरी म्हणून ही गोष्ट थक्क करणारी आहे.

मग सुरू झाली पाठशिवणी. २०१० मध्ये रेड बुलच्या पुढच्या पंखावर शंका आली, तेव्हा चाचणीचे वजन ५० किलोवरून १०० किलो झाले. २०११ साली आपल्याकडे, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, फेलिपे मासाच्या फेरारीचा पुढचा पंख चक्क फडफडताना दिसला. २०२१ मध्ये मागच्या पंखांवर ठिपके चिकटवून कॅमेऱ्याने त्यांची हालचाल तपासली गेली. २०२४ च्या बाकू शर्यतीत ऑस्कर पियास्त्री जिंकला आणि त्याच्या मॅक्लारेनच्या मागच्या पंखाच्या फ्लॅपची, म्हणजे वरच्या पट्टीची, कड वेगात वर उचलली जाताना चित्रणात दिसली. पंख चाचणीत उत्तीर्ण होता, तरी संघाला तो बदलावा लागला. २०२५ च्या स्पॅनिश शर्यतीपासून पुढच्या पंखाच्या दोन्ही बाजूंना १०० किलो भार दिल्यावर १५ ऐवजी १० मिलिमीटरच झुकण्याची मुभा उरली. त्या शर्यतीत पहिले दोन क्रमांक मॅक्लारेननेच घेतले.

दरम्यान २०११ पासून मागचा फ्लॅप उघडण्याची परवानगी मिळाली होती, डीआरएस या नावाने. शर्यतीत मुख्य अट ही: ठरलेल्या पट्ट्यांवरच, आणि पुढची गाडी एका सेकंदाच्या आत हवी. ओव्हरटेकिंग वाढावे म्हणून दिलेली ही सवलत होती. २०२६ च्या नियमांनी ती काढली आणि पुढचे-मागचे दोन्ही पंख हलते केले. ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर प्रत्येक गाडी, प्रत्येक फेरीत, पुढे कोणी असो वा नसो, फ्लॅप आडवे करू शकते. कारण इंजिनाचे आहे. विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली, जवळपास निम्मा जोर बॅटरीतून येऊ लागला, आणि ती ऊर्जा हवेशी झगडण्यात घालवणे परवडणारे नव्हते.

हलत्या पंखात धोका नाही असे नाही. २०१८ मध्ये मोंझाच्या सरावात मार्कस एरिक्सनच्या साउबरचा फ्लॅप ब्रेक लावताना मिटलाच नाही. गाडी कठड्याला धडकून अनेकदा उलटली. तो स्वतः चालत बाहेर आला. पण तिथे काय बिघडले ते शोधता येते, कारण तिथे हालचाल करणारा सुटा भाग असतो. थरांमध्ये लपवलेल्या झुकण्याची नीट तपासणी होत नाही, आणि पंख झुकवण्याच्या चढाओढीत तो मोडण्याच्या किती जवळ नेला आहे हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून उघड फिरणारा पंख मला जास्त योग्य वाटतो. ही परवानगी द्यायला अर्धशतक लागायला नको होते.

लपून झुकण्याचा मोह मात्र यामुळे संपलेला नाही. मिटलेला असो वा उघडलेला, त्या स्थितीत पंख ताठच राहिला पाहिजे, असे २०२६ चे नियमही सांगतात. आणि त्यासाठी वजन टाकून मिलिमीटर मोजण्याच्या चाचण्या कायम आहेत.