वीस तारखेच्या डॉलरांचा हिशेब

कॅनडात राहणाऱ्या भाचीला फोनवर विचारून बघा, ‘सरकार मुलांचे किती पैसे देतं गं?’ सरळ उत्तर येणार नाही. तिला एका मुलामागे महिन्याला साडेतीनशे डॉलर मिळत असतील, तर शेजारणीला साडेसहाशेच्या वर. यात वशिला नाही, लपवाछपवीही नाही. आकडा प्रत्येक घरासाठी वेगळा निघतो, तो आयकर विवरणातून.

‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’ ही योजना जुलै २०१६ मध्ये आली. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलामागे जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर ठरले आहेत. रक्कम करमुक्त असते आणि साधारण वीस तारखेला खात्यात येते. नवराबायकोचं मिळून निव्वळ वार्षिक उत्पन्न ३७,४८७ डॉलरपर्यंत असेल, तर ती पूर्ण मिळते. त्यापुढे कात्री लागते. एक मूल असेल तर वरच्या उत्पन्नाच्या ७ टक्के, दोन असतील तर साडेतेरा, तीन असतील तर १९. उत्पन्न ८१,२२२ च्या पुढे गेलं की कपातीचा वेग कमी होतो. दोन मुलांच्या घरात तो ५.७ टक्क्यांवर येतो.

समजा, मुलगी तीन वर्षांची, मुलगा आठचा आणि घराचं उत्पन्न ६० हजार. दोघांची पूर्ण रक्कम १४,७४५ डॉलर. मर्यादेवरचं उत्पन्न २२,५१३. त्याचे साडेतेरा टक्के म्हणजे ३,०३९. उरले ११,७०६, म्हणजे महिन्याला सुमारे ९७५ डॉलर.

मला यातला उतार महत्त्वाचा वाटतो. पगार शंभर डॉलरनं वाढला तर या घराचे साडेतेरा डॉलर जातात, सगळी मदत जात नाही. आपल्या ‘लेक लाडकी’चं तसं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात, पण शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी हवी आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. एक लाख पाच हजार कमावणाऱ्याच्या मुलीला काहीच नाही. अर्थात उतार आखायचा तर प्रत्येक घराचं उत्पन्न सरकारला नेमकं ठाऊक हवं. शेतमजूर आणि टपरीवाल्यांच्या राज्यात ते कुठून आणणार?

कॅनडात ते विवरणातून येतं. म्हणून कमाई शून्य असली तरी नवराबायको दोघांनाही विवरण भरावंच लागतं. मात्र हिशेब मागच्या वर्षाचा असतो: आत्ताची रक्कम २०२४ च्या उत्पन्नावर. आज नोकरी गेली तरी हप्ता लगेच वाढत नाही, पुढचा जुलै येऊ द्यावा लागतो. माहीतगार लोक निवृत्ती बचत खात्यात पैसे भरतात. त्यानं निव्वळ उत्पन्न उतरतं, कर वाचतो आणि मुलांची रक्कमही वाढते. हा फायदा कमाईतून बाजूला काढायला काही उरतं त्यांनाच, हे आलंच.

नव्यानं गेलेल्यांचं गणित आणखी गमतीचं. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर अर्ज लगेच करता येतो. तात्पुरत्या परवान्यावर असाल तर आधी अठरा महिने तिथे राहिलेलं असावं लागतं. अर्जासोबत येण्यापूर्वीचं जगभरातलं उत्पन्नही कळवावं लागतं. पुण्यातला वीस लाखांचा पगार २०२४ च्या दरानं ३२-३३ हजार डॉलर होतो. इथला सुखवस्तू माणूस तिथल्या कागदावर पूर्ण मदतीला पात्र! पुढे दोघांना तिथे नोकऱ्या लागतात, विवरणातला आकडा लाखापलीकडे जातो आणि त्यानंतरच्या जुलैत हप्ता निम्म्याच्या आसपास येतो. पहिल्या वर्षाची रक्कम धरून घराचे हप्ते ठरवणाऱ्यांची तिथे फसगत होते.