मेल डिलीट केले, फाइल मात्र तेवढीच

मेल हळू चालायला लागला की ‘शनिवारी रात्री एक ऑफलाइन डीफ्रॅग मारून घ्या’ हा सल्ला हमखास येतो. कधी तो एएमसीवाल्या पोराकडून येतो, कधी ‘आमच्या जुन्या ऑफिसात दर तिमाहीला करायचो’ म्हणणाऱ्या साहेबांकडून. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजबाबत हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी उलट विचारतो, डीफ्रॅग कशाचं? डिस्कचं की डेटाबेसचं? बहुतेकदा उत्तर येतं, ‘तेच हो, एकच की ते.’

एकच नाही. विंडोजचं डीफ्रॅग डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे शेजारीशेजारी आणतं. फाइलच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एक्स्चेंज मात्र शेकडो लोकांचे मेलबॉक्स ईडीबी नावाच्या एका अगडबंब फाइलमध्ये ठेवतो आणि त्या फाइलच्या आतली आवराआवर त्याचं स्वतःचं डेटाबेस इंजिन करतं. हे काम सर्व्हर चालू असताना, आपोआप होतं. एक्स्चेंज २००३ आणि २००७ मध्ये ते रात्रीच्या ठरलेल्या वेळेत व्हायचं, २०१० पासून चोवीस तास मागे चालू असतं. ऑफलाइन डीफ्रॅग ही याहून वेगळी, तिसरी गोष्ट. त्यात डेटाबेस बंद करून ‘ईएसईयूटिल’ची कमांड चालवतात. ती जुन्या फाइलमधला कामाचा मजकूर नव्या फाइलमध्ये उतरवते आणि शेवटी जुनीच्या जागी नवी ठेवते.

मग लोकांना हिचा एवढा मोह का? फाइल लहान होत नाही म्हणून. साहेबांनी सर्क्युलर काढून सगळ्यांना जुने मेल उडवायला लावले, महिना गेला, तरी ईडीबी २०० जीबीचीच. आता यात बिघाड काहीच नाही. पहिलं म्हणजे डिलीट केलेला मेल लगेच जात नाही. मूळ सेटिंगप्रमाणे तो १४ दिवस आणि काढून टाकलेला अख्खा मेलबॉक्स ३० दिवस राखून ठेवला जातो. मुदत संपली की ती जागा फाइलच्या आत मोकळी होते, पण फाइलचा आकार तोच राहतो. कपडे वाटून टाकले म्हणून कपाट आखडत नाही, तसंच. नवे मेल याच मोकळ्या जागेत जाऊन बसतात. २०० जीबीत ६० जीबी मोकळी असेल, तर पुढचा बराच काळ ती फाइल वाढणारही नाही. किती जागा मोकळी आहे हे पाहायला डेटाबेस बंद करावा लागत नाही. एक्स्चेंज २०१० पासून पुढे पॉवरशेलमध्ये एका ओळीची कमांड दिली की आकडा समोर येतो, जुन्या आवृत्त्यांत तो इव्हेंट लॉगमध्ये १२२१ क्रमांकाखाली पडायचा. डीफ्रॅगचा हट्ट धरणाऱ्यांपैकी किती जणांनी तो आकडा पाहिलेला असतो, हे विचारायची आता सोय राहिलेली नाही, लोक चिडतात.

हा हट्ट हवेतून आलेला नाही, हेही मान्य करू. एक्स्चेंज २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत डेटाबेसला १६ जीबीची मर्यादा होती. ती गाठली की डेटाबेस बंद पडायचा आणि सगळं ऑफिस मेलविना बसायचं. मर्यादा फाइलच्या आकारावर मोजली जायची, म्हणून मेल उडवून ऑफलाइन डीफ्रॅग करण्यात तेव्हा अर्थ होता. पण २००५ च्या सर्व्हिस पॅक २ ने ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत नेता येईल अशी सोय केली आणि मोजतानाही आतली मोकळी जागा वजा करायला सुरुवात केली. म्हणजे ते कारण तेव्हाच संपलं. एक्स्चेंज २००३ चा सपोर्टसुद्धा एप्रिल २०१४ मध्ये बंद झाला. उरली ती सवय.

सवय निरुपद्रवी असती तर एवढं लिहिलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की ऑफलाइन डीफ्रॅगसाठी डेटाबेसच्या ११० टक्के मोकळी जागा हवी. म्हणजे २०० जीबीच्या फाइलसाठी २२० जीबी. डिस्क भरली म्हणून डीफ्रॅग करायचं, आणि डीफ्रॅग करायला आणखी एक अख्खी डिस्क शोधायची! काम चालू असताना त्या डेटाबेसवरच्या कोणालाही मेलबॉक्स उघडता येत नाही, बाहेरून येणारे मेल रांगेत थांबतात. शेवटी तयार होणाऱ्या फाइलची सही नवी असते, त्यामुळे आधीचे ट्रान्झॅक्शन लॉग तिला लागू पडत नाहीत. शनिवारी रात्री डीफ्रॅग केलं, पूर्ण बॅकअप ‘सोमवारी बघू’ म्हणून ठेवला आणि रविवारी डिस्क गेली, तर डीफ्रॅगआधीच्या बॅकअपवर परतावं लागतं. रविवारी आलेले मेल गेलेच समजा. डेटाबेसच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरांवर असतील तर त्या सगळ्या नव्याने भरून घ्याव्या लागतात.

खरोखरच जागा परत हवी असेल, तर नवा डेटाबेस तयार करून मेलबॉक्स त्यात हलवावेत. २०१० पासून हे काम लोक मेल वापरत असतानाच होतं, शेवटची थोडी मिनिटं सोडली तर कोणाला पत्ताही लागत नाही. फक्त लॉगच्या डिस्कवर नजर ठेवा: जेवढा डेटा हलेल साधारण तेवढेच लॉग तयार होतात, आणि १०० जीबी एका दमात हलवायला निघालात तर तीच डिस्क आधी भरेल. सिस्टिमचे आर्बिट्रेशन मेलबॉक्सही हलवा, नाहीतर जुना डेटाबेस काढताना एक्स्चेंज सरळ नकार देतो.

आणि वेग? ऑफलाइन डीफ्रॅगने मेल पळायला लागत नाही. आधी डिस्कचा प्रतिसाद तपासा. डेटाबेस वाचायला सरासरी २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर दुखणं तिथं आहे. रॅम अपुरी असते, इनबॉक्समध्ये लाखभर मेल साठलेले असतात, किंवा अँटिव्हायरस ईडीबी फाइल वारंवार चाळत बसलेला असतो. ती फाइल आणि लॉग त्याच्या तपासणीतून वगळायचे असतात. एवढं केलं तर अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. डीफ्रॅगने बिघडलेला डेटाबेस दुरुस्त होत नाही. मधलं एखादं पेज खराब असेल तर डीफ्रॅगच उणे १०१८ सारखी एरर देऊन थांबतं. एसएसडीवर विंडोज मुख्यतः ट्रिम करतं, तुकडे जुळवण्यात तिथं फारसा फायदा नाही. थिन डिस्कवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आतून विंडोजचं डीफ्रॅग चालवलं तर ब्लॉक हलतात, म्हणून डिस्क उलट फुगते आणि पुढचा इन्क्रिमेंटल बॅकअपही. ‘लिनक्सवर हा प्रश्नच नाही’ हेही पूर्ण खरं नव्हे: डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या एमडीबॉक्स पद्धतीत डिलीट झालेले मेल पर्ज कमांड चालवेपर्यंत डिस्कवर तसेच राहतात. आउटलुकमध्ये पीएसटी फाइलवर ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ दाबलं तर तुमच्या लॅपटॉपवरची जागा वाचते, सर्व्हरवरचा कोटा जिथल्या तिथंच.