नवरीच्या डोक्यावरचा साज : हौस आणि हिशेब



आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात लग्नांची एकच घाई उडते. पांझरेपलीकडच्या देवपुरापासून तापीकाठच्या खेड्यांपर्यंत मांडव पडतात आणि पिकाच्या पैशाला पाय फुटतात. म्हणून नवरीच्या डोक्यावरच्या साजाचा विचार बाजाराची वाट धरण्यापूर्वी घरीच करावा.

कपाळी मुंडावळ्या, अंबाड्यावर गजरा, खांद्यावर शेला आणि डोक्यावर पदर एवढ्यात आपली नवरी शोभून दिसते. काही घरी बाशिंगही बांधतात. आता सिनेमातल्या नवऱ्या पाहून मुली जाळीची लांब ओढणी व जड बिंदी मागतात. हौसेला ना नाही, पण वैशाखात पारा चाळिशीपार जातो. जड साजाने कपाळ ठणकते, केस ओढले जातात. दागिना घेण्याआधी तासभर घालून पाहावा.

मोत्यांच्या मुंडावळ्या जपून ठेवल्या तर पुढच्या बहिणीलाही चालतात. फुलांच्या करायच्या तर उन्हाळ्यात मोगरा आणि हिवाळ्यात शेवंती स्वस्त पडते. मोगऱ्याच्या टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या पहाटे तोडाव्यात. त्या संध्याकाळी उमलतात. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. गजरा ओवायला केळीचे सोपट उत्तम, मात्र ते आदल्या दिवशी सोलून, धुऊन, चीक निथळू द्यावा. केळीचा चीक शालूवर पडला तर काळा डाग कायमचा राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. लाजाहोम आणि सप्तपदीच्या वेळी नवरी पेटत्या होमाजवळ असते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची जाळी आगीने वितळून कातडीला चिकटते. ओढणी घेताना कडेचा एक धागा काढून, घराबाहेर चिमट्यात धरून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. अशी ओढणी घेतलीच असेल तर होमाआधी काढून ठेवावी. पदरही खोचून, खांद्यापाशी दोन टाके घालून घ्यावा. भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, चिकटलेले कापड ओढू नये, टूथपेस्ट लावू नये आणि दवाखाना गाठावा.

शालू घेताना जर कोणती ते विचारून पावतीवर लिहून घ्यावे. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. तांब्याची किंवा प्लॅस्टिकची जर त्याच भावात घेऊ नये. आजीचा शालू पेटीत असेल तर सावलीत उलगडून घड्या तपासाव्यात. रेशीम प्रथम घडीवरच विरते. अस्तर लावून तो पुन्हा नेसता येतो आणि तेवढे कर्ज वाचते.

शेवटी एक सांगणे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मुंडावळ्या बांधू नयेत. बालविवाह लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. कुठे असे घडत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. मुहूर्त दरवर्षी येतात. शिकण्याचे वय मात्र एकदाच येते.