मंडळीच्या दप्तरातले नाव

ख्रिस्ती कसे व्हावे, याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ख्रिस्ती झालेल्या माणसाने सभासद म्हणून कसे राहावे, या पुढच्या आणि माझ्या मते अधिक कठीण प्रश्नाकडे आपल्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. आपण ज्याला ‘मंडळी’ म्हणतो तो शब्दच पाहा. जेवायला मंडळी येतात, गावी घरची मंडळी असतात, आणि रविवारी उपासनेला जमते तीही मंडळीच. दगडाच्या इमारतीला आपण चर्च म्हणतो, देऊळ म्हणतो. सभासदत्व मात्र माणसांच्या जथ्याचे असते, भिंतींचे नव्हे.

त्या जथ्यात शिरणे पूर्वी महागात पडे. मंडळीच्या वहीत नाव चढले की जातीच्या पंगतीतून ते उतरे आणि वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही धोक्यात येई. धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क बुडू नये, अशी तजवीज सरकारने १८५० च्या एकविसाव्या कायद्याने केली खरी, पण पंगतीत पुन्हा बसवण्याचा अखत्यार कोणत्याच कायद्याला नव्हता. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पतीच्या बाप्तिस्म्याने पत्नी सभासद होत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते. ते द्यायला लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली, आणि तो विलंब मला त्यांच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. गंमत अशी की, ज्यांच्यामागून त्या मंडळीत आल्या त्या टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही मुभा ठेवली. वहीपेक्षा भक्ती मोठी, हे त्यांचे म्हणणे कोणाला नाकारता येईल? पण वहीवाचून मंडळी चालतही नाही.

त्या वहीत नाव चढण्याची वाट मात्र सगळीकडे एकच नसते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचेच उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या, त्यांत तान्ह्या बालकाला बाप्तिस्मा देणारे होते आणि जाणत्या वयातच तो द्यावा म्हणणारेही होते. दोन्ही रीती मान्य झाल्या. म्हणून कोणी आईच्या कडेवरून पाळकापुढे येतो आणि मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी आपला विश्वास सर्वांसमक्ष कबूल करतो, तर कोणाचे बालपणी केवळ अर्पण होते आणि बाप्तिस्मा पुढे. दोघांनाही आधी पाळकाच्या वर्गात बसावे लागते.

रोमन कॅथोलिकांची व्यवस्था निराळी. वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याच्या हद्दीत जो राहतो तो तिथला. मात्र बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या नोंदवहीतच त्याच्या दृढीकरणाची आणि लग्नाची टीप पुढे लिहिली जाते, मग लग्न कितीही दूर लागलेले असो.

जबाबदाऱ्यांविषयी पाळक सांगतात ते सर्वांना पाठ असते: उपासना, प्रभुभोजन, दान, आजाऱ्यांची भेट. पुष्कळ मंडळ्यांत वर्गणी थकली की सर्वसाधारण सभेत मत देता येत नाही, आणि कमिटीच्या निवडणुकीच्या वर्षी एरवी नाताळलाच दिसणारे चेहरे पावतीसाठी खजिनदाराभोवती गर्दी करताना मी पाहिले आहेत. त्याउलट उपकारस्तुतीच्या सणाचा लिलाव पाहावा. शेतातून आलेला एखादा भोपळा बोली लावून कोणी घेतो, पैसे मोजतो आणि तोच भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो, दुसऱ्याने घ्यावा म्हणून. ही कलमे कोणत्याही घटनेत लिहिलेली नाहीत.

नोकरीधंद्यानिमित्त नगर सोडून पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्यांची नावे मात्र बरेचदा गावच्या दप्तरातच राहतात. ती माणसे इथेही नसतात आणि तिथेही नसतात. अशा वाचकांना एवढीच विनंती, की या नाताळात गावी जाल तेव्हा पाळकसाहेबांकडून बदलीचे पत्र मागून घ्या, आणि नव्या मंडळीत ते नेऊन द्या.