राजगड: ‘दादा, पण किल्ला कुठंय?’

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘अं’, ‘म्हणजे काय की’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी सगळं तसंच.

तर झालं असं, की माझी दहावीतली मावसबहीण सुट्टीत पुण्याला आली होती आणि तिला ‘खराखुरा किल्ला’ बघायचा होता. मी म्हटलं, चल राजगडला. पहाटे साडेचारला निघालो, नसरापूर फाट्यावरून आत वळलो, गुंजवणे गावात गाडी लावली आणि चोर दरवाजाच्या वाटेनं चढायला लागलो. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. मग वाकून त्या छोट्याशा दरवाजातून आत शिरलो आणि समोर पद्मावती तळं. मी अगदी अभिमानानं म्हटलं, “हं, आलो बघ गडावर!”

तिनं चारही बाजूंना बघितलं. तळं, देऊळ, गवत, थोडे पडके चौथरे, वर एक डोंगराचा सुळका. आणि म्हणाली, “दादा, पण किल्ला कुठंय?”

मला हसू आलं, मग थोडा रागही आला आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे उत्तरच नाहीये. मी या गडावर पाच-सहा वेळा आलोय. सूर्योदयाचे फोटो आहेत, पिठलं-भाकरी खाल्ली आहे, घोषणा दिल्या आहेत. पण हे सगळं नक्की कसं चालायचं, कुठली भिंत कशासाठी, हे कुणी विचारलं तर मी गप्प. तिच्या डोक्यात गेममधला, सिनेमातला किल्ला होता: चार मनोरे, मध्ये राजवाडा, भोवती खंदक. त्यात तिची चूक नव्हती. आपणच मुलांना गड वाचायला शिकवत नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही ठरवलं, आज फोटो कमी, बघणं जास्त. आणि आजचा एपिसोड तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

डोंगर हाच किल्ला

पहिली गोष्ट. सपाटीवरच्या किल्ल्यात भिंत माणसानं बांधलेली असते. सह्याद्रीत भिंत आधीच उभी आहे. आपला हा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून तिथं उतार होतो, टणक थर कड्यासारखा उभा राहतो. लांबून बघितलं तर डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात ना, त्या याच्यामुळे.

गड बांधणाऱ्याचं काम काय? जिथं कडा उभा आहे तिथं काही करायचं नाही, निसर्गानं काम केलंय. जिथं उतार सोपा आहे, जिथून माणूस चढू शकतो, तिथंच तट घालायचा. त्यामुळे गडावर तटबंदी दिसली की समजायचं, ही त्या डोंगराची दुखरी जागा आहे. हे एकदा कळलं की गड नकाशासारखा वाचता येतो. बहिणीनं तर लगेच खेळच सुरू केला: “इथं भिंत आहे, म्हणजे इथून कुणीतरी वर येऊ शकत होतं!”

आणि दगड कुठून आणला? बराचसा तिथलाच. कातळात टाकं खोदायचं, निघालेला दगड बांधकामाला वापरायचा आणि झालेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं. एका कामात दोन कामं. पाणी नसेल तर गडाला तोफेची गरजच नाही, वेढा घालून बसलं की झालं. म्हणून टाकी ही गडाची सगळ्यात महत्त्वाची इमारत, आणि आपण नेमकी तीच न बघता पुढे जातो.

तीन पाती आणि एक गाभा

राजगडाचं मूळ नाव मुरुंबदेवाचा डोंगर. 1640 च्या दशकात तोरणा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला, त्यानंतर त्यांनी समोरचा हा डोंगर बांधायला घेतला. तोरण्यावर सापडलेलं धन इथं लागलं असं सांगतात. पुढे साधारण पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला. सईबाईंचं निधन इथं झालं, 1659 साली. आग्र्याहून सुटल्यावर महाराज आले ते इथंच, 1666 साली. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, 1670 चा. राजधानी रायगडावर गेली ती त्यानंतर.

आता आकार डोळ्यांसमोर आणा. छताच्या पंख्याला तीन पाती असतात, तसा राजगड. तीन बाजूंना डोंगराच्या तीन सोंडा: पद्मावती माची, सुवेळा माची आणि संजीवनी माची. माची म्हणजे मुख्य माथ्याच्या खाली पसरलेली सोंड किंवा पठार. आणि तिन्ही जिथं मिळतात तिथं मधोमध उंच उठलेला बालेकिल्ला. यातलं ‘बाला’ म्हणजे वरचा, शब्द फारसीतला.

राहायला, वावरायला जागा पद्मावतीवर. तिथं तळं, देऊळ, वाड्यांचे चौथरे. पूर्वेकडची सुवेळा निमुळती, मध्येच कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईचं असतं तसं. तिथं बसलं की वारा असा लागतो की बोललेलं ऐकू येत नाही. आणि सगळ्यात लांब ती संजीवनी, सुमारे अडीच किलोमीटर, टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलेली.

संजीवनीकडे जाताना आधी पाली दरवाजा बघून घेतला. हा राजमार्ग, रुंद पायऱ्यांचा. चोर दरवाजातून एका वेळी एकच माणूस वाकून आत येतो, आणि इथून लवाजमा येऊ शकतो. एकाच गडाची ही दोन दारं बघितली तरी कळतं की दार म्हणजे नुसती ये-जा नाही. कोण येणार, किती येणार, कसं येणार, हे ते दार ठरवतं.

दोन भिंतींच्या मध्ये

आता ज्यासाठी मी हा एपिसोड केला, ती गोष्ट. संजीवनी माचीची चिलखती तटबंदी.

चिलखत म्हणजे अंगावर चढवायचं लोखंडी कवच. तटालाही तसंच कवच: आतला एक तट, आणि त्याच्या बाहेरून दुसरा तट. मध्ये अरुंद बोळ. आतल्या तटातून एक छोटं दार लागतं, त्यातून उंच पायऱ्या उतरून आपण त्या बोळात येतो. दोन्ही बाजूंना दगडी भिंत, वर आकाशाची पट्टी.

आम्ही दोघं उतरलो. मी दोन्ही हात पसरून भिंती लागतात का ते बघत होतो. तेवढ्यात बहीण वर आतल्या तटावर जाऊन उभी राहिली आणि तिनं एक छोटा खडा माझ्या पायाशी टाकला. “मेलास तू दादा!”

त्या एका खड्यानं मला सगळी रचना समजली. समजा शत्रूनं तोफा डागून किंवा शिड्या लावून बाहेरचा तट जिंकला. त्याला वाटतं, झालं, गड घेतला. पण तो उतरतो कुठं? या बोळात. समोर पुन्हा तेवढीच भिंत, डोक्यावर बंदुका. पुढे पळायला जागा नाही, एका वेळी फार माणसं मावत नाहीत, आणि आत जायचं दार इतकं लहान की दोन माणसं ते अडवू शकतात. शिवाय तोफेचा मार बाहेरचा तट झेलतो, आतला शाबूत राहतो.

आमच्या कामात एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: सर्व्हर पडणारच आहे असं धरून सिस्टीम बांधा. एक भाग पडला तर त्याच्याबरोबर बाकीचे पडता कामा नयेत. मी हे कितीतरी मीटिंगमध्ये ऐकलंय. ते दगडात बांधलेलं मी त्या बोळात उभं राहून पहिल्यांदा बघितलं. राजगड ‘कधीच पडणार नाही’ असं धरून बांधलेला नाही. ‘काहीतरी पडेलच’ असं धरून बांधलाय. बाहेरचा तट पडला तर आतला आहे. संजीवनी पडली तर बाकीच्या माच्या आहेत. सगळ्या माच्या पडल्या तरी बालेकिल्ला आहे, त्याचा स्वतःचा दरवाजा आहे, स्वतःचं पाणी आहे. वर चंद्रकोरीच्या आकाराचं तळं बघितलं असेल तुम्ही. ते तिथं फोटोसाठी नाहीये मंडळी!

परीक्षा झाली का?

झाली. औरंगजेब स्वतः इथं आला होता. वय पंच्याऐंशी. 1703 च्या डिसेंबरात वेढा पडला. फेब्रुवारी 1704 मध्ये मोगल तटावर चढले आणि खालचा भाग त्यांच्या हातात गेला. साध्या किल्ल्याची गोष्ट इथं संपली असती. इथं मात्र शिबंदी मागे सरकून बालेकिल्ल्यात गेली आणि आणखी साधारण दहा दिवस लढत राहिली. शेवटी गड गेला, पण बोलणी करून, अटी घालून. 1707 मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला.

दहा दिवस म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण आतल्या माणसांना त्या दहा दिवसांनी ‘बोलणी करू’ म्हणायची जागा दिली. चांगली रचना तुम्हाला विजयच देते असं नाही, विचार करायला वेळ देते.

भिंतीच्या बाहेर कोण होतं?

हे सगळं मी बहिणीला फार उत्साहानं सांगत होतो. एक मावशी तिथं ताक विकत होत्या. रोज गावातून हंडा घेऊन चढतात. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “दादा, गड भारी हाय खरं. पण खाली गावात कोण होतं तवा, ते बी सांगा की पोरीला.”

मी पुन्हा गप्प. घरी येऊन वाचलं.

1665 साली मिर्झाराजे जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसले होते. त्याच वेळी त्यांनी दाऊदखानाला फौज देऊन राजगड, सिंहगडाच्या परिसरात पाठवलं. गड घ्यायला नाही, गावं जाळायला. फौज राजगडाच्या जवळ आली, वरून मारा झाला, मागे फिरली. राजगडाला काही झालं नाही. पण खालची गावं जळली, गुरं गेली, माणसं धरून नेली. हेच मावळ, जे आपण सुवेळावरून ‘काय व्ह्यू आहे’ म्हणून बघतो.

त्याच जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 ठेवले. राजगड त्या बारांत होता. शाळेत आपण हे आकडे पाठ केले. पण ते आकडे मला तेव्हा समजले नव्हते. गड अभेद्य असून चालत नाही. गडाच्या पायथ्याशी जी रयत आहे तिला तटबंदी नसते. तिच्यावर आच आली तर कितीही चिलखती बुरुज असले तरी तहाला बसावं लागतं. दगडाचे किल्ले देऊन माणसं आणि वेळ वाचवला, आणि 1670 पासून किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे तटाचा जो नियम, तोच राजकारणाचा: बाहेरचं सोडा, गाभा राखा, पुन्हा उभे राहा.

माझ्यापुरतं सांगतो. मी आधी राजगडावरून उतरायचो तेव्हा छाती फुगलेली असायची. या वेळी गुंजवण्यात भाकरी खाताना त्या घराकडे नीट बघत होतो.

जाणार असाल तर

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, त्यात राजगड आहे. आता गर्दी वाढणार. तेव्हा थोडंसं:

पहिल्यांदा जात असाल, सोबत लहान किंवा वयस्कर माणसं असतील, तर पाली दरवाजाची वाट धरा. पावसात चोर दरवाजा आणि बालेकिल्ल्याचा कातळ निसरडा होतो, तिथं घाई नको. संजीवनी बघायची तर लवकर निघा, जाऊन-येऊन बराच वेळ जातो, आणि बहुतेक लोक कंटाळून तीच सोडून देतात. बुरुजाच्या कठड्यावर चढून सेल्फी काढू नका, तो दगड साडेतीनशे वर्षं जुना आहे, तुमचं वजन धरायला बांधलेला नाही. टाक्यात पाय धुऊ नका. आणि ताक प्या, पैसे सुट्टे ठेवा.

परत येताना गाडीत बहीण झोपली असेल असं मला वाटलं. पण तिनं मैत्रिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेज कानावर पडला. “अगं, मी आधी विचारत होते किल्ला कुठंय. आम्ही सकाळपासून त्याच्यावरच चालत होतो!”

तर मंडळी, तुमच्या गावाजवळचा गड कुठला? या वेळी जाल तेव्हा एकच करा: तट कुठं आहे ते बघा आणि विचारा, इथंच का? आणि मग तटावर उभं राहून एकदा खालच्या गावाकडेही बघा. भेटू पुढच्या एपिसोडला. ऐकत राहा, आणि हो, वाचतही राहा!