परकीय सैन्य येते, तेव्हा सीमाशुल्क कोण भरते?
युद्धनौकेवरील इंधनापासून सैनिकाच्या मोटारीपर्यंत : करसवलतींचे आंतरराष्ट्रीय नियम आणि भारताची भूमिका

जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका ‘शार्ल द गोल’ गोव्यात दाखल झाली. त्यानंतर मार्च महिन्यात हीच नौका अरबी समुद्रात भारतीय नौदलासमवेत ‘वरुण’ या द्विपक्षीय सरावात सहभागी झाली. अशा नौकेवर लढाऊ विमाने असतात, त्यांचे सुटे भाग आणि इंधन असते, तसेच शेकडो नौसैनिकांना पुरेल एवढा अन्नसाठाही असतो. एखाद्या व्यापाऱ्याने एवढा माल भारताच्या हद्दीत आणला असता, तर त्याला प्रत्येक वस्तूवर सीमाशुल्क भरावे लागले असते. पाहुण्या सैन्याकडून मात्र ते घेतले जात नाही. ही सवलत कशासाठी दिली जाते, तिला मर्यादा कोणत्या आणि भारताचा कायदा याविषयी काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सवलतीमागील तत्त्व

एका सार्वभौम राष्ट्राने दुसऱ्या सार्वभौम राष्ट्राच्या शासकीय कार्यावर कर लावू नये, हे आंतरराष्ट्रीय व्यवहारातील जुने तत्त्व आहे. मित्रराष्ट्राच्या बंदरात संमतीने आलेली परकीय युद्धनौका स्थानिक न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेर राहते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१२ मध्येच ‘स्कूनर एक्स्चेंज’ या जहाजाच्या प्रकरणात दिला होता. युद्धनौका हे त्या राष्ट्राच्या सार्वभौम सत्तेचे अंग मानले गेले.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. सीमाशुल्क हा मूलतः देशाच्या बाजारपेठेत येणाऱ्या मालावरील कर आहे. सरावासाठी आणलेली तोफ किंवा रडार बाजारात विकले जात नाही. सराव संपला की ते मायदेशी परत जाते. त्यामुळे सवलतीचा खरा आधार वस्तूच्या मालकापेक्षा तिच्या वापरात असतो. वस्तू सैन्याच्या कामासाठी आहे तोवर ती करमुक्त असते. ती बाजारात गेली की कर लागू होतो.

नाटो कराराची चौकट

या विषयावरील सर्वाधिक प्रभावी दस्तऐवज म्हणजे नाटो सदस्य राष्ट्रांनी १९ जून १९५१ रोजी लंडन येथे केलेला सैन्य-दर्जा करार. त्यातील दहावे कलम करांविषयी आणि अकरावे कलम सीमाशुल्काविषयी आहे.

अकराव्या कलमाची सुरुवातच लक्षणीय आहे. करारात स्पष्टपणे वेगळे नमूद केले नसेल, तर पाहुणे सैनिक, त्यांच्यासमवेतचे नागरी कर्मचारी आणि कुटुंबीय यजमान देशाच्या सीमाशुल्क कायद्यास बांधील राहतील, असे ते प्रथम सांगते. कायद्याचे पालन हा नियम, तर सवलत हा अपवाद, अशी ही रचना आहे.

अपवाद पुढीलप्रमाणे आहेत. सैन्याला आपली सामग्री आणि केवळ स्वतःच्या वापरासाठी लागणारा वाजवी प्रमाणातील अन्नसाठा व अन्य वस्तू शुल्काविना आणता येतात. सेवेसाठी प्रथम दाखल होताना सैनिकाला घरगुती सामान व फर्निचर सेवाकाळापुरते शुल्कमुक्त आणता येते. वैयक्तिक वापराची मोटारही तात्पुरती आणता येते. मात्र खासगी मोटारीला रस्ते वापराबद्दलच्या करातून सूट नाही. लष्करी वाहने, विमाने व नौकांचे इंधन करमुक्त मिळावे, यासाठी विशेष व्यवस्था करण्याची तरतूद आहे. अधिकृत मोहोर असलेले शासकीय दस्तऐवज तपासणीतून वगळलेले आहेत.

दहाव्या कलमानुसार, केवळ सैन्यात असल्यामुळे यजमान देशात घालवलेला काळ करविषयक निवासाचा काळ धरला जात नाही. सैनिकाला मायदेशाकडून मिळणाऱ्या वेतनावर यजमान देश आयकर आकारत नाही. परंतु त्याच सैनिकाने तेथे एखादा नफ्याचा व्यवसाय केला, तर त्या उत्पन्नाला संरक्षण नाही. यजमान देशाच्या स्वतःच्या नागरिकांनाही या कलमाचा लाभ मिळत नाही.

सवलत प्रत्यक्षात कशी मिळते?

जर्मनीतील अमेरिकी सैनिकांचे उदाहरण बोलके आहे. तेथे मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर १९ टक्के आहे. करापूर्वी १,००० युरो किमतीची वस्तू सामान्य ग्राहकाला १,१९० युरोंना पडते. सैनिक मात्र आपल्या तळावरील करसवलत कार्यालयातून अर्ज घेऊन दुकानदाराला देतो आणि १,००० युरोच भरतो. कायद्याच्या दृष्टीने ही खरेदी सैन्याच्या अधिकृत खरेदी यंत्रणेमार्फत झालेली असते. म्हणूनच आधी खरेदी करून नंतर अर्ज आणणे नियमात बसत नाही. हा अर्ज स्वीकारण्याचे बंधन दुकानदारावर नाही.

गैरवापराचा धोका

करमुक्त माल आणि करयुक्त बाजार शेजारी असले की गळतीचा मोह निर्माण होतो. दक्षिण कोरियातील ‘बुदे-जिगे’ या लोकप्रिय रश्श्याचा इतिहास त्याची साक्ष देतो. ‘बुदे’ म्हणजे लष्करी तुकडी. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात अमेरिकी तळांवरून बाहेर पडलेले डबाबंद मांस व सॉसेज वापरून हा पदार्थ तयार होऊ लागला. त्यातील बराचसा माल चोरवाटेनेच बाजारात पोहोचत असे. भुकेल्या समाजाने त्यातून अन्न मिळवले. पण शुल्काची भिंत किती सहज झिरपते, हेही त्यातून दिसले.

म्हणूनच नाटो करारात शुल्कमुक्त माल सर्वसाधारणपणे यजमान देशात विकण्यास किंवा भेट देण्यास मनाई आहे. विशेष परवानगी मिळाल्यास शुल्क भरून विक्री करता येते. फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यातील १९९८ च्या पाहुणे सैन्य करारातही हेच सूत्र आहे. सवलतीस पात्र नसलेल्या व्यक्तीला माल द्यायचा असल्यास फिलिपिन्स सरकारची पूर्वसंमती आणि लागू कर, या दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात.

स्थानिक महसुलाचा प्रश्नही गंभीर आहे. जपानच्या एकूण भूभागापैकी जेमतेम ०.६ टक्के क्षेत्र असलेल्या ओकिनावा प्रांतात, जपानमधील केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरातील लष्करी क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र एकवटले आहे. अमेरिकी सैनिकांच्या खासगी मोटारींवर स्थानिक रहिवाशांपेक्षा कमी कर आकारला जातो, अशी या प्रांताची जुनी तक्रार आहे. सवलतीचा करार राजधानीत होतो. रस्त्यांचा खर्च मात्र स्थानिक प्रशासनाला करावा लागतो.

भारताची पद्धत

भारतात कोणत्याही परकीय देशाचा कायमस्वरूपी लष्करी तळ नाही. त्यामुळे परकीय सैनिकांची घरे, मोटारी आणि दीर्घकाळची खरेदी हे प्रश्न येथे उद्भवत नाहीत. येथे सैन्य येते ते सरावासाठी किंवा सदिच्छा भेटीसाठी, आणि काही दिवसांत परतते.

सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये यासंबंधी एक छोटी, पण महत्त्वाची तरतूद आहे. कायद्याच्या कलम २(२१) मधील ‘विदेशगामी जहाज’ या संज्ञेच्या व्याख्येत, नौदल सरावात सहभागी होणाऱ्या परकीय सरकारच्या नौदल जहाजाचा स्पष्ट समावेश आहे. कलम ८७ नुसार विदेशगामी जहाजावरील आयात साठा शुल्क न भरता त्याच जहाजावर वापरता येतो. ‘साठा’ या शब्दात इंधन आणि सुटे भागही येतात. ‘वरुण’ किंवा ब्रिटनसमवेतच्या ‘कोकण’ सरावातील नौकेला मिळणाऱ्या संरक्षणाचा हा कायदेशीर आधार आहे. अट एकच : साठा जहाजावरच वापरला गेला पाहिजे. तो किनाऱ्यावर उतरवून विकल्यास ती सामान्य आयात ठरते.

जमिनीवरील सरावांचे स्वरूप वेगळे असते. नाशिकजवळील देवळाली येथे भारत आणि सिंगापूर यांच्या तोफखान्यांचा ‘अग्नी वॉरियर’ सराव होतो. तो दोन्ही देशांतील द्विपक्षीय कराराच्या चौकटीत घेतला जातो.

रसदीसाठी भारताने स्वतंत्र करार केले आहेत. गोव्याचे माजी मुख्यमंत्री आणि तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या कार्यकाळात, २९ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेसोबत रसद देवाणघेवाण करार झाला. पुढे २०१८ मध्ये फ्रान्सशी, तर २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि जपानशी असे करार झाले. अमेरिकेसोबतच्या करारानुसार इंधन, अन्न, दुरुस्ती इत्यादी सेवा परस्परांना मिळतात; पण त्या फुकट नसतात, त्यांची भरपाई करावी लागते. या करारामुळे अमेरिकेला भारतात तळ उभारण्याचा अधिकार मिळत नाही, असे सरकारने त्या वेळीच स्पष्ट केले होते.

परस्परतेचा लाभ

ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ५० हून अधिक शांतता मोहिमांत आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी सेवा बजावली आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तयार केलेल्या सैन्य-दर्जा कराराच्या नमुन्यात, शांतिसेनेची सामग्री आणि अन्नसाठा यजमान देशात शुल्कमुक्त नेण्याची तरतूद आहे. आफ्रिकेतील एखाद्या बंदरात भारतीय तुकडीची वाहने आणि औषधे उतरतात, तेव्हा अशाच तरतुदीमुळे ती सीमाशुल्काच्या गोदामात अडकून पडत नाहीत.

परदेशात आपल्या जवानांना जी वागणूक अपेक्षित असते, तीच आपल्या बंदरात आलेल्या पाहुण्यांना द्यावी लागते. मात्र ही सवलत सैन्याच्या कामापुरतीच राहिली पाहिजे. त्यासाठी साठ्याची अचूक नोंद, वापरावर देखरेख आणि उरलेल्या मालाच्या पुनर्निर्यातीची खातरजमा आवश्यक ठरते. संयुक्त सराव वाढत असताना सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या नोंदवहीतील ही कामेही तितकीच महत्त्वाची ठरणार आहेत.